बाबांची फाईल आणि नंदाचे दोन दिवस

आणि वर मलाच फोन करून सांगतो, "ताई, आज बाबांचं वर्ष. ग्रुपवर काहीतरी चांगलं लिही."

चांगलं काय लिहू, सुरेश?

पूर्णा नाक्यावर तू लावलेला बॅनर बघून आले. बाबांचा फोटो पासपोर्ट साईज, तुझा दारातल्या गाडीएवढा. तोंड कडू झालं माझं.

तर लिहिते. सगळ्यांनी वाचा.

आम्ही तिघं भावंडं. मी मोठी, कोनला दिलेली. मधला सुरेश, पूर्ण्याला बाबांजवळ. शेंडेफळ नंदा, नर्स, इंग्लंडला. नवरा नाही, एक पोरगी आहे, ती तिकडे शाळेत.

बाबांना लकवा मारला तेव्हा सुरेशने तिला फोन केला. "तू नर्स हायस. आमाला ह्ये जमनार न्हाय."

जमणार न्हाय म्हणजे बापाचं हगणंमुतणं. ते मुलींनी करायचं.

पोरीला मैत्रिणीकडे ठेवून नंदा आली. मी दिवसाआड जायचे, खोटं कशाला बोलू. रोजचं सगळं तिनेच केलं.

तेव्हा तिला तिकडे चार वर्षं झालेली. पाच झाली की कायम राहायचा अर्ज करता येतो. पण अट आहे. बारा महिन्यांत एकशे ऐंशी दिवसांच्या वर देशाबाहेर राहायचं नाही. राहिलात तर कारण दाखवा, कागदासकट.

मी चौथी शिकलेली. मला एकदा सांगितल्यावर कळलं. सुरेश कॉलेजात गेलेला, त्याला कळेना.

म्हणे, सहा महिने गावाला गेलं म्हणून रेशनकार्डावरचं नाव जातं का?

नंदा म्हणाली, "दादा, ते रेशनकार्ड नाय."

बाबांचं तोंड अर्धं वाकडं झालेलं, पण डोकं शाबूत. रोज सकाळी पेज भरवताना विचारायचे, "बाय, आज कितवा दिस?"

नंदा कमी करून सांगायची. दीडशेवा असला की म्हणायची, सव्वाशे.

एकदा ती मला हळूच म्हणाली, "माझे दिवस भरत आले गं ताई."

खाटेवरून बाबा बोलले, "तुजं न्हाय. माजं."

आणि अर्ध्या तोंडाने हसले. आम्ही पण हसलो. काय करणार.

मग त्यांच्या छातीत कफ भरला. परत कल्याणला हॉस्पिटल, ऑक्सिजन. डॉक्टर म्हणाले, अजून आठ दिवस तरी हलवू नका.

आणि इकडे सुरेशच्या मुलाची हळद.

घरात हळद आणि घरचा म्हातारा हॉस्पिटलात, बरं दिसत नाही म्हणे. नंदाने हात जोडले. सुरेश तिला म्हणाला, इंग्लंडचा कायदा इथं चालवू नको. "आमच्या जबाबदारीवर नेतो" असं लिहून, खाली सही ठोकून बाबांना घरी आणलं.

हळदीला बाबा खुर्चीत. डोक्याला फेटा, बाजूला डीजे. पाहुणे येतायत, पाया पडतायत, फोटो काढतायत. नंदा मागे उभी राहून त्यांची मान धरून होती. फोटोत तिचा हातच तेवढा दिसतो.

चौथ्या दिवशी बाबा गेले.

तो नंदाचा एकशे एकोणसत्तरावा दिवस.

तिचं टिकीट एकशे एकोणऐंशीव्या दिवसाचं होतं. दहावं करून आरामात निघाली असती. पण सुरेश अडून बसला. "तेराव्याला पोरगी न्हाय, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

ती राहिली. मी पण राहा म्हणाले, हे पण लिहिते. तेव्हा माझी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे.

एकशे ब्याऐंशीव्या दिवशी ती विमानात बसली.

दोन दिवस जास्त. तेराव्यापायी राहिली त्यातले दोन.

आता तिने अर्ज केलाय. तिथल्या ऑफिसने विचारलंय, इतके दिवस का राहिलात? तिने बाबांच्या मृत्यूचा दाखला पाठवला. ते म्हणतात, वडील गेले ते शेवटी. त्याच्या आधी काय करत होतात? हॉस्पिटलचे कागद दाखवा.

नाही दाखवले तर अर्ज गेला. ड्युटी गेली, घर गेलं, पोरीची शाळा गेली.

कल्याणच्या हॉस्पिटलात मी स्वतः जाऊन आले. मूळ फाईल तुमच्या भावाला दिली, आमच्याकडे रजिस्टरात नुसतं नाव आहे म्हणाले.

आणि भाऊ तीन आठवडे आम्हाला खेळवतोय. आधी सापडत नाही. मग कपाटाची चावी हरवली. मग वेळ नाही. शेवटी मी दारात जाऊन बसले तेव्हा खरं बोलला.

"त्यात माझी सही हाय ताई. उद्या कुनी वाचली तर म्हनतील, पोरानंच बापाला मारला."

अरे, तिकडच्या साहेबाला तुझ्या सहीचं काय पडलंय?

तू मारलंस असं मी म्हणत नाही. थोडेच दिवस राहिलेत, असं डॉक्टर पण म्हणाले होते. पण त्या जिवाला तू हळदीत शोभेला मांडलंस. त्याची मला किळस आली. आणि आज एका सहीसाठी बहिणीला देशोधडीला लावतोस, त्याची जास्त येते.

आता लपवायचं काय राहिलं? सही कुणाची, कशासाठी, सगळं मी सांगून टाकलं. पूर्णा, कोन, नारपोली, जिथे जिथे आपली माणसं आहेत तिथे सगळे वाचतील. मग ती फाईल कपाटात ठेवून तुला काय मिळणार?

तो एक कागद काढून घे हवा तर. फाड नाहीतर जाळ. बाकीचे दे.

बाबा, तुमच्या पाया पडते. वर्षाच्या दिवशी भांडण काढलं, राग धरू नका. तुमच्या बायसाठी काढलंय.

सुरेश, बुधवारी सकाळी कुरियर जाणार. मंगळवारी संध्याकाळपर्यंत फाईल देतोस की नाही, ते इथेच खाली लिही. फोन करू नको. सगळ्यांसमोर लिही.