हुकलेल्या ठोशांचा मास्तर

सांता ऊर्सुलात कोणी विचारलं, "अमक्याचा मुलगा कुठंय हल्ली?" आणि उत्तर आलं, "राहिला," तर खुशाल समजावं की तो गेला. परदेशात खेळायला गेला, गायला गेला, आणि परतीच्या विमानात चढलाच नाही. तिकडे राहिला तो इकडून गेला. आमची बोली ही अशी उलटी, पण शेंबड्या पोरालाही ती सुलटी कळते.

एवारिस्तो कियालाला मात्र त्या दिवशी कळली नाही. बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या आवारात, जिथं पूर्वी उसाच्या गाड्यांचं वजन व्हायचं, तिथं तो पोरांना बॉक्सिंग शिकवत होता. त्याची बायको ओनेलिया हातात डाव घेऊनच धावत आली. घेवडा शिजायला टाकला होता, तो तसाच सोडून.

"म्हाताऱ्या, तुझा योएल्विस जर्मनीत राहिला!"

"कशाला राहिला? सामने तर परवाच संपले."

"अरे देवा! राहिला म्हणजे राहिला!"

एवारिस्तोनं तिच्याकडे बघितलं, मग त्या डावाकडे बघितलं. पोरं थांबून त्याच्याच तोंडाकडे बघत होती. तो त्यांच्यावर खेकसला, "पाय! पायांकडे लक्ष द्या! माझ्या तोंडावर काय नाच चाललाय का?"

त्या दिवशी त्यानं रोजच्यापेक्षा जास्त वेळ शिकवलं. घेवडा करपला तो करपलाच.

आता योएल्विस कोण, ते सांगायला हवं. ऊसतोड्याचं शेंडेफळ, वर तीन दांडगे भाऊ. खोटं कशाला बोला, हे पोरगं ठोसे मारायला शिकायचं म्हणून आलंच नव्हतं. भावांचा मार चुकवायचा कसा, तेवढं शिकवा म्हणाला. दुसऱ्या कुठल्याही मास्तरानं त्याला हाकलून दिलं असतं. एवारिस्तोला तो तिथंच आवडला. कारण एवारिस्तोचं म्हणणं एकच होतं, आणि ते ऐकून ऐकून गावाचे कान किटले होते. "मारायला काय, गाढवसुद्धा लाथ मारतं. चुकवायला शिकवणं म्हणजे शिकवणं!"

त्याची रीत अशी. जमिनीवर एक गोणपाट टाकायचं, त्यावर पोराला उभं करायचं, हात मागं बांधायचे. समोरून दुसऱ्यानं ओल्या चिंध्यांचे बोळे फेकायचे. गोणपाटावरून पाय हलवायचा नाही आणि अंग भिजू द्यायचं नाही. योएल्विसवर बोळे फेकायला असायचा रुबिएल, टपाल वाटणाऱ्या बाईचा मुलगा. वयानं थोडा लहान, पण नेमबाज. मग जागा बदलायच्या. दोघं चिंब होऊन, एकमेकांच्या नावानं शिव्या घालत घरी जायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पुढे पुढे तर दोघंही कोरडेच घरी जायला लागले.

योएल्विस जिल्ह्याला गेला, मग राजधानीत गेला, मग देशाचा बनियन अंगात घालून जगभर हिंडला. पदकं आणली. प्रत्येक पदक आधी एवारिस्तोच्या गळ्यात, मग आईच्या. आई एकदा रुसलीसुद्धा होती त्यावरून. आणि मग तो राहिला.

राहिला म्हणजे सरकारच्या लेखी पळालाच, म्हणून वरच्या लोकांनी एवारिस्तोला, तो नोकरीला होता त्या जिल्ह्याच्या क्रीडाशाळेतून काढलं. शिक्षा नाही म्हणाले, फक्त बदली. बदली कुठं, तर क्रीडासाहित्याच्या गुदामात. काम काय, तर व्हॉलीबॉलमध्ये हवा भरायची. आयुष्यभर ज्यानं माणसं घडवली, त्यानं आता चेंडू फुगवायचे! शाळेच्या भिंतीवरचा त्याचा फोटोही उतरवला. डॉमिनोच्या टेबलावर लोक टोचून बोलायचे.

"एवारिस्तो, पठ्ठ्यानं नाक कापलं रे तुझं!"

"माझं नाक जागेवर आहे," तो सोंगटी आपटून म्हणायचा. "त्याचंही आहे. इतके सामने खेळला, नाक सरळच्या सरळ. तुम्ही तर घरात बसून वाकडी करून घेतलीत."

बोलायला असा ठणठणीत. पण संध्याकाळी गुदामातून आला की तसाच कारखान्याच्या आवारात जायचा आणि फुकट शिकवायचा. तिथून त्याला कोणी बदलू शकत नव्हतं, कारण तिथं त्याला कोणी नेमलंच नव्हतं.

तिकडे योएल्विस धंदेवाईक झाला. हाम्बुर्गमध्ये. डोक्यावरची मार झेलणारी जाड टोपी गेली, अंगातला बनियन गेला, तीन फेऱ्यांच्या जागी लांबलचक झुंजी आल्या. त्याच्या पहिल्या झुंजीचं चित्रण कोणीतरी पेनड्राइव्हवर आणलं, तेव्हा अख्खा गाव एवारिस्तोच्या ओसरीत जमला. बघतो तर काय, लोक शिट्ट्या मारतायत! कौतुकाच्या नव्हे, हुसकावून लावण्याच्या. त्यांना रक्त बघायचं होतं आणि हा आपला वाऱ्यासारखा समोरच्याच्या हाताला लागतच नव्हता. जिंकला, पण एकानं टाळी वाजवली नाही.

त्यात आणखी एक घोळ. आमच्याकडे शेवटची घंटा झाली की निकाल लागायच्या आधी आपण समोरच्या कोपऱ्यात जातो आणि त्याच्या मास्तरशी हात मिळवतो. ज्यानं त्याला घडवलं त्याचा मान आधी, जिंकणं-हरणं मागून. योएल्विस सवयीनं गेला. समोरच्या मास्तरला वाटलं, हा चिडवायला आलाय. त्यानं याला छातीवर धक्का देऊन ढकललं. मागं पन्नास माणसं हसली. योएल्विस पुन्हा गेला आणि हात पुढं करून उभाच राहिला, त्या मास्तरनं हात घेईपर्यंत.

"शाब्बास!" एवारिस्तो ओरडला. जिंकला तेव्हा ओरडला नव्हता.

वर्षं गेली. ज्यांनी शिट्ट्या मारल्या तेच लोक आता त्याच्या झुंजीला रांगा लावायला लागले. समोरचा हवेत ठोसे मारून मारून दमायचा, आणि मग हा शांतपणे त्याला पाणी पाजायचा. युरोपातल्या विजेत्याचा पट्टा त्याच्या कमरेला आला. आणि तेवढ्यात रुबिएलही राहिला, स्पेनमध्ये.

"आता काय काढून घेतील माझं?" एवारिस्तो ओनेलियाला म्हणाला. "व्हॉलीबॉल?"

"हसतोस काय मेल्या, रात्रभर कूस बदलत होतास ते मला माहीत नाही होय!"

मग यायचं तेच आलं. रुबिएलही एकेकाला लोळवत वर चढला आणि पट्ट्यासाठी योएल्विससमोर उभा राहिला. एका गावचे, एका मास्तरचे दोन पठ्ठे! तिकडच्या आयोजकांना काय, दिवाळीच. इकडे गावाची दोन शकलं झाली. टपालवालीच्या गल्लीत रुबिएल, वरच्या आळीत योएल्विस. पैजा लागल्या, जावा-जावांचं बोलणं बंद झालं. आणि जो तो एवारिस्तोला विचारतो, "तुझा कुठला?"

एवारिस्तोची काळजी वेगळीच होती. एक पठ्ठा दुसऱ्याला पाडणार, आणि पाडायची विद्याही आपलीच! योएल्विसची खोड त्याला पाठ होती. पुढच्या हातानं ठोसा मारला की तो हात हनुवटीशी न आणता कमरेवरून परत आणायचा. तेवढ्या वेळात चेहरा उघडा. रुबिएलची दुसरीच. उजवा हात सोडण्याआधी उजवी टाच उचलायचा, कोंबडी पळायच्या आधी उचलते तशी. ज्याला ठाऊक असेल त्याला ठोसा निघण्याआधीच दिसायचा. जगात या दोन गोष्टी दिसलेला माणूस एकच होता, आणि तो गुदामात चेंडू फुगवत होता.

आधी फोन आला रुबिएलचा. इकडचं तिकडचं झालं, आईची तब्येत झाली, मग हळूच म्हणाला, "मास्तर, एक विचारू? योएल्विसचं काय बघू?"

एवारिस्तोनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मास्तर, तुम्हाला माहितीये. तुम्हाला सगळं माहिती असतं."

"माहितीये ना. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधतोयस आणि तुझ्यात हे भलंमोठं मुसळ आहे. उजवा मारताना टाच उचलतोस, गाढवा! लहानपणापासून उचलतोस. पाय जमिनीला खिळव. बाकी मला विचारू नकोस." आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी योएल्विस. त्याला आडवळण ठाऊकच नव्हतं. "मास्तर, रुबिएलला कुठं पकडू?"

"आधी तू कुठं पकडला जाशील ते ऐक. तुझा हात कमरेवरून परत येतो. पट्टा आहे म्हणून काय कंबर दाखवत फिरायचं? हनुवटीशी आण."

"पण रुबिएलचं..."

"रुबिएलचं रुबिएलला सांगितलं."

तिकडे योएल्विस खो खो हसत सुटला. "म्हणजे आता दोघांनाही पकडता येणार नाही!"

"तेच तर आयुष्यभर शिकवलं," एवारिस्तो म्हणाला.

ओनेलिया स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. "म्हाताऱ्या, दोघांनाही नाराज केलंस. यापुढे दोघांपैकी एकही फोन करायचा नाही."

"नको करू देत," तो म्हणाला, पण त्याचा आवाज पडलेला होता. खरं तर त्याला तीच भीती होती. पोटचं पोर नव्हतं, होते ते हे दोघंच. आणि निकाल काहीही लागला तरी त्यातला एक म्हणणार होता, मास्तरनं मला मदत केली नाही.

झुंजीच्या दिवशी तिकडे रात्र होती, इकडे भर दुपार. नशिबानं वीज टिकून होती, पण टीव्हीवर काही दाखवत नव्हते. तेव्हा एका मोबाइलवर सगळा गाव. तो मोबाइल भाताच्या पातेल्याला टेकवून ठेवला होता. पुढच्यांना दिसायचं, मागच्यांना डोकी दिसायची. म्हणून सगळ्यात पुढे ओनेलियाला बसवलं, कारण तिचा आवाज शेजारच्या गावात जातो. एवारिस्तो अंगणाच्या टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून, टोपलीभर कसावाचे कंद सोलत बसला.

"बघायला ये की रे!"

"माझ्याच एका हातानं दुसऱ्या हाताला मारलेलं मी काय बघू? तू सांग. कान आहेत मला."

ओनेलियाला बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही. तिनं आपलं दिसेल ते सांगायला सुरुवात केली. "योएल्विसनं मारला! ...हुकला. रुबिएलनं मारला! ...हुकला. आता याचा. हुकला. अगं बाई, तोही हुकला!"

वरची आळी कपाळावर हात मारते, टपालवालीची गल्ली मारते. "हे काय! दोघंही हुकतायत! इतकी वर्षं तिकडे काय गवत उपटत होते?"

आणि पाठमोरा एवारिस्तो? प्रत्येक "हुकला"ला त्याची मान जरा ताठ व्हायची. सुरी थांबायची. तो मोजत नव्हता, नुसता ऐकत होता, भुकेल्या माणसानं फोडणीचा आवाज ऐकावा तसा. दोन्ही पोरांनी त्याचं ऐकलं होतं! टाच खाली होती, हात हनुवटीशी होता. नाहीतर इतके ठोसे हुकतात होय?

"तिकडचे लोक उठून उभे राहिलेत," ओनेलिया म्हणाली.

"शिट्ट्या मारतायत?"

"नाही. टाळ्या. उभं राहून टाळ्या वाजवतायत, म्हाताऱ्या! कोणाला काही लागलं नाही तरी वाजवतायत!"

मध्ये दोनदा मोबाइल अडकला, तेव्हा अंगणात अशी बोंब उठली की कोंबड्या छपरावर गेल्या. मग चित्र आलं, शेवटची फेरी आली, ती संपली. घंटा झाली. एरवी बडबडणारी ओनेलिया नुसतीच मोबाइलवर वाकली.

"काय झालं?" एवारिस्तोनं विचारलं. "अगं, काय झालं? पडला का कोणी? ओनेलिया!"

"पडलं नाही कोणी. दोघांनी मिठी मारली. मग एकमेकांच्या मास्तरांशी हात मिळवले, आपल्याकडे मिळवतात तसे. आणि आता..." ती डोळे बारीक करून बघायला लागली. "आता दोघं मिळून तिसऱ्याच कोपऱ्यात गेलेत. पांढऱ्या, कोणाच्याच नसलेल्या. तिथं हात पुढं करून उभे आहेत. वेडी झालीत का ही पोरं? तिथं कोणीच नाहीये!"

कसावाची टोपली उलटी झाली. एवारिस्तो उठला होता. मोबाइलकडे त्यानं अजूनही बघितलं नव्हतं, सुरी हातातच होती, आणि तो असा ओरडला की वरच्या आळीपासून टपालवालीच्या गल्लीपर्यंत एकूणएक माणूस मागं वळला.

"कोणी नाही कसं? मी आहे ना! मी आहे तिथं!"

पंचांनी निकाल काय दिला, ते त्या दुपारी सांता ऊर्सुलात कोणालाच ऐकू आलं नाही.