गेंडा चालते का?

अकोल्यात पत्ते म्हटले की लोक नाक मुरडतात. पण गुलफाम ज्या पत्त्यांत मुरला होता ते जुगाराचे नव्हते. ‘रणपट’ नावाचा तो खेळ. कार्डांची पाकिटं घ्यायची, आपसात अदलाबदल करायची, चांगली निवडून आपला संच बांधायचा आणि समोरच्याचा किल्ला पाडायचा. जठारपेठेत कोणीही पाकीट फोडलं की आधी गुलफामला दाखवी. चाळिशीला टेकलो तरी मीही दाखवायचो.

त्या वर्षी सगळ्यांना ‘वज्रगेंडा’ हवा होता. सोनेरी शिंग, चकाकता कागद. आपली चांगली चांगली कार्डं देऊन मी तो मिळवला आणि मिरवत त्याच्याकडे गेलो. त्याने उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

“फ्रेम करून भिंतीले लावा, भाऊ. याले मैदानात उतरवाले सात पाळ्या थांबा लागते. तवरोक किल्ला रायते का तुमचा?”

मला राग आला. खरं बोलणारा माणूस दुसऱ्याबद्दल बोलतो तोवरच गोड लागतो.

तेवढ्यात खेळ काढणाऱ्या कंपनीने जाहीर केलं, अमरावतीची स्पर्धा जिंकेल त्याला नवी कार्डं पारखायची नोकरी. गुलफामचंच काम ते. त्याचे अब्बा जैनुद्दीनभाई यांचं बियाण्यांचं दुकान होतं. बोंडअळीने कपाशी खाल्लेली, लोक दुकानात येऊन तोंडाला येईल ते बोलत. अब्बा थकले होते. जिंकलास तर जा, हरलास तर दुकानात बस, एवढंच ते म्हणाले.

मग आवई उठली की नियम बदलले, मोठी कार्डं आता लवकर उतरतात. गुलफामने अमरावतीच्या उत्तमरावांना फोन लावला. ते कार्डांचे ठोक विक्रेते, नियमांचं पत्रक आधी त्यांच्याकडेच येई. मी शेजारीच बसलो होतो.

“काका, गेंडा चालते का आता?”

“लय चालून राहिला बाप्पा, काई इचारू नको.”

गुलफामने संचातलं मुंगूस काढलं, पहिल्याच पाळीला उतरणारं. त्याच्या जागी माझा गेंडा मागून घातला.

आधीच्या सामन्यांत गेंडा त्याच्या हातात आलाच नव्हता; अंतिम सामन्यात आला आणि हातातच अडकून बसला. नियम बदललाच नव्हता. किल्ला पडला. गुलफाम तडक उत्तमरावांकडे गेला, मी मागोमाग.

“तुमी तं म्हणे चालते.”

“चालतेच ना. दुकानात माल टिकून नाही राहिला. खेळात चालते का, हे तू इचारलं कुठं?”

जन्मभर गल्ल्यावर बसलेल्या माणसाला चालणं म्हणजे खपणं. दुकानदाराच्याच पोराला हे उमगू नये, याला काय म्हणावं? पण मला चीड आली ती उत्तमरावांची. वरून ते हसतही होते.

गुलफाम अब्बांच्या दुकानात बसला. पेरणीच्या तोंडावर मी तिथे होतो, तेव्हा नत्थुजी आले. अळीने त्यांचं अख्खं शेत नेलं होतं. त्यांनी एक पाकीट पुढे केलं.

“हे बियाणं कसं आहे, बाबू?”

गुलफामने पाकिटावर छापलेलं सगळं नीट वाचून दाखवलं.

“थे मलेई वाचता येते. तुले काय वाटते?”

“मले काई वाटत नाही, काका. बांधू का?”