रिकामा रकाना

इंजेक्शन भरून झालं, की सिस्टरबाई सुई वर धरून थांबायच्या आणि विचारायच्या, "कुठलं औशद सोसत न्हाई तुमाला?" तिसाव्यांदा आलेल्या माणसालाही. लोक वैतागत. "अवो बाई, मागल्या बुधवारीच सांगितलं की!"

"मंग आजबी सांगा. तोंड झिजतंय व्हय?"

मार्गासनीच्या एका धर्मादाय दवाखान्यात त्या परिचारिका होत्या. मी भोरहून जाऊन तिथला कॉम्प्युटर सांभाळायचो. रुग्णांच्या नोंदींची त्यांची वही मीच आग्रह करून बंद करवली. त्या मला 'कॉम्प्युटरसाहेब' म्हणत. त्यात टोमणा किती आणि माया किती, ते मला कधी उमगलं नाही.

रिकाम्या रकान्याचा त्यांना राग. ॲलर्जी नसली तरी 'नाही' असं लिहीत. मी म्हणायचो, मोकळं सोडा, कळतं.

"रिकामं म्हंजे न्हाई असं न्हवं, साहेब. रिकामं म्हंजे आपन इचारलंच न्हाई."

पुढे डेटाबेस नव्या आवृत्तीवर न्यायची वेळ आली. रविवारी दवाखाना बंद असताना मी बॅकअप घेतला. बाई मुद्दाम आल्या होत्या. "उघडून बघितला का?"

"बघितला," मी म्हणालो. बघितला नव्हता. जेवायला घरी पोचायचं होतं, एवढंच कारण. नंतर रुग्णांची संख्या जुळली आणि मी निघालो.

सोमवारी कामथडीची एक म्हातारी पायाची जखम घेऊन आली. डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं. ॲलर्जीचा रकाना मोकळा. त्यांनी पेनिसिलिन लिहून दिलं. बाईंनी सुई वर धरून विचारलं.

"मागं ह्याच सुईनं गळा सुजला व्हता की माझा! तुमीच लिवलंवतं."

बाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी एकामागून एक नोंदी उघडल्या. तो रकाना सगळ्यांचाच पुसला गेला होता. बॅकअप उघडला, तर तो अर्धवट. तीन महिन्यांपूर्वीची एक प्रत तेवढी धड निघाली. त्यानंतर नोंदवलेल्या सगळ्या ॲलर्जी गेल्या होत्या.

"गाडी काढा," बाई म्हणाल्या.

आठ दिवस आम्ही त्या तीन महिन्यांतले रुग्ण शोधत माझ्या मोटारसायकलवरून वाड्यावस्त्या फिरलो. दार उघडून माणूस धडधाकट दिसेपर्यंत मी गाडीवरून उतरायचो नाही. बाई मात्र उंबऱ्यातूनच सांगायच्या, "दवाखान्याच्या मशिनीला इसर पडलाय, पुन्यांदा सांगा." माझं नाव त्यांनी कुठंच घेतलं नाही.

सगळे सापडले, एक सोडून. भाटघरला कामाला आलेला एक मजूर. काम संपवून निघून गेला होता, मोबाईल बंद. बाई तिथंच दगडावर बसल्या. "सोसत न्हाई त्या गोळीचं नाव त्याला ठाऊक न्हाई. चिठ्ठी बघून म्या लिवलं व्हतं. कुठली गोळी, त्ये आठवंना."

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मी पायरीवर त्यांना गाठलं. "बाई, मी त्या रविवारी खोटं बोललो."

"ठाऊक हाये. म्या तरी कुठं उघडून दावा म्हनले?" एसटी आली तेव्हा पिशवी उचलत म्हणाल्या, "त्यो मजूर गावला तर कळवा."

गेल्या वर्षी बाई गेल्या. कळवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. त्या मजुराचा नंबर मी अजून लावतो. औषधाची रिॲक्शन येऊन कुणी दगावल्याची बातमी दिसली, की ती वाचण्याआधी मी तिच्यात त्याचं नाव शोधतो.