मेनवर न चालणारा मासा

माझ्या धाकट्या दिरांना सगळे ‘टेस्टर’ म्हणतात. ते वायरमन. लोकांच्या शर्टाच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला टेस्टर. स्वतःच्या लग्नातसुद्धा होता, फोटोत स्पष्ट दिसतो. धाकटी, म्हणजे माझी जाऊ, घरी येणाऱ्याजाणाऱ्याला तो फोटो दाखवून सांगते, “ही माझ्या आधीपासूनची. सवतच म्हणा ना.”

भाऊजींची कामाची रीत ठरलेली. साधा बल्ब बदलायचा असला तरी आधी मेन बंद, मग मेनवर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी, मग टेस्टर लावून खात्री, आणि मग कुठे स्टुलावर चढायचं. आमचे हे खाली स्टूल धरून कंटाळायचे. “अरे, बल्बच आहे तो.”

“दादा, करंटला काय ठाऊक बल्ब आहे का बंगला.”

असा हा माणूस, आणि नेमका त्यालाच शॉक बसला. एका मोठ्या इमारतीच्या तळघरात पॅनेलचं काम होतं. मेन बंद केलेला, चिठ्ठी लावलेली, टेस्टर लावून झालेलं. भाऊजी डबा खात होते तेवढ्यात वरच्या कुणीतरी जनरेटर सुरू केला. जेवून त्यांनी पुन्हा पॅनेलला हात लावला. करंट भलत्याच वाटेने आला. भाऊजी भिंतीवर जाऊन आदळले. देवाची कृपा म्हणून तळहात भाजण्यावर निभावलं.

हात भरून आला. डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. पण भाऊजींचा हात कुठल्याही बटणाकडे जाईना. पंखा लावायचा तरी धाकटीला हाक. ती पोळपाट सोडून यायची, बटण दाबायची. “मला वायरमनचा पगार सुरू करा आता,” म्हणायची. ते हसायचे नाहीत, मग तीही हसायची नाही. खिशातला टेस्टर दिसेनासा झाला होता. कुणी विचारलं नाही.

मला एकदा म्हणाले, “वहिनी, माझी चूक असती ना, तर बरं झालं असतं. चूक सुधारता येते. मी सगळं रीतसर केलं होतं. आता सुधारू काय?”

मी रोज देवासमोर बसले की आधी त्यांचंच मागणं मागायची. यांना नोकरीतली बढती, मला गुडघ्यांना आराम, हे सगळं नंतर.

त्यांचा एक जुना मित्र माशांचं दुकान चालवतो, म्हणजे काचेच्या पेट्यांतले शोभेचे मासे. काम नाही म्हणून भाऊजी दुपारी तिथे जाऊन बसायचे. एक दिवस तिथून पाण्याची बादली घेऊन रिक्षातून उतरले. बादलीत राखाडी रंगाचा, जाड ओठांचा, मिशीवाला एक मासा. अंगावर खवले नाहीत, डोळे मोहरीएवढे. फुगवलेल्या नळीसारखा दिसत होता.

“हा विजेचा मासा आहे,” भाऊजी म्हणाले. “ज्यांनी नेला होता त्यांनी परत आणून दिला. पेटीतले बाकीचे सगळे खाल्ले याने, आणि हात घातला की झटका देतो. कुणी घेत नाही.”

धाकटीने कमरेवर हात ठेवले. “आणि आपण घेतो? विजेच्या भीतीने घरी बसलेला माणूस, आणि वीज बादलीत घालून घरी आणतो. अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?”

“निदान याचं सरळ आहे गं. याच्यात करंट आहे हे माहीतच असतं. फसवाफसवी नाही.”

पुढच्या खोलीत भिंतीला लागून मित्राने दिलेली जुनी काचेची पेटी बसली. तळाशी वाळू, आणि माशाला लपायला भाऊजींनी त्यांच्याच सामानातला प्लास्टिकच्या पाइपाचा रुंद तुकडा टाकला. मासा दिवसभर त्या पाइपात पडून राहायचा, दिवे मंद केले की बाहेर यायचा, कोळंबीचे तुकडे गिळायचा आणि पुन्हा आत. “खातो, झोपतो, आणि कुणी हात लावायची सोय नाही,” धाकटी म्हणाली. “हा तर जावई.” तेव्हापासून तो जावईबापू.

भाऊजी त्याचं मनापासून करायचे. कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवल्याशिवाय पाण्याला बोट लावायचे नाहीत, मासा झोपलेला असो नाहीतर जागा. पाणी गरम ठेवणाऱ्या हीटरला टेकून त्याचं उघडं अंग भाजेल म्हणून त्याला जाळी केली. सगळं केलं, पण त्या हीटरची पिन बोर्डात घालायला धाकटीच लागायची.

ठेकेदार भला माणूस. इतके दिवस त्याने भाऊजींची जागा रिकामी ठेवली होती. पण शेवटी त्याचा निरोप आला, पुढच्या आठवड्यात येणार असाल तर सांगा, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. भाऊजींनी निरोप ऐकला आणि माशाला खायला घालायला उठले. धाकटीने चकचकीत ओटा पुन्हा एकदा घासायला घेतला. ती रडणाऱ्यांतली नाही. ओटा घासते.

नंतरचा रविवार. सकाळी मी देवासमोर डोळे मिटून बसले होते. गुडघ्याला गार लागलं. वाटलं, तांब्या कलंडला. डोळे उघडते तो चटई निम्मी ओली, आणि पुढच्या खोलीतून पाण्याचा ओघळ येतोय. पेटीच्या कोपऱ्याचा सांधा सुटला होता. पाणी भिंतीकडेही चाललं होतं, आणि तिथे जमिनीवर हीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड पडलेला.

माझी हाक ऐकून सगळे धावले. हे सर्वांत पुढे. ऑफिसात कुणी ऐकत नाही, त्यामुळे घरात संकट आलं की यांना हुरूप येतो. “कुणी पुढे होऊ नका,” म्हणत यांनी मेन खाली ओढला. पंखा थांबला. “झालं. मेन बंद केला आहे. आता काही भीती नाही, आधी त्या जावयाला बाहेर काढू.” आणि बाही सारून यांनी पेटीत हात घातला.

“दादा, नको,” भाऊजी म्हणाले, पण तोवर उशीर झाला होता.

यांच्या तोंडून कसलासा आवाज निघाला आणि हे त्या पाण्यात मट्‌कन बसले. दंड दुसऱ्या हाताने आवळून धरलेला. “मेन कुणी चालू केला?”

“बंदच आहे, दादा,” धाकटी म्हणाली. वर पंखा मुकाट लटकत होता.

“मग कसा बसला? मी स्वतः बंद केला मेन.”

“तो मेनवर चालत नाही ना,” भाऊजी म्हणाले. म्हणताम्हणता त्यांचे खांदे हलायला लागले. किती दिवसांनी हसत होते. हेही ओल्या लेंग्यानिशी हसायला लागले. आणि मग भाऊजी मध्येच थांबले. चेहरा असा झाला, जणू कुणी लांबून हाक मारली.

पण पेटी रिकामी होत होती. त्यांनी मोजे चढवले, पाइपाच्या दोन्ही तोंडांवर दोन हात धरले आणि पाइपासकट मासा उचलून पाण्याने भरलेल्या टबात सोडला. इतकं शांतपणे, की जावईबापूंची झोपमोड झाली की नाही, देव जाणे.

आम्ही पाणी पुसून काढलं. हे म्हणाले, “लावू का मेन?”

“थांब. बोर्ड भिजला आहे.” भाऊजी धाकटीकडे वळले. “टेस्टर कुठे आहे माझा?”

तिने शिवणाच्या डब्यातून काढून दिला. पुसून ठेवलेला होता.

ते आमच्या दाराबाहेर जिन्यात गेले. तिथल्या बोर्डाला वेगळा करंट आहे, तो चालू होता. टेस्टरचं टोक त्यांनी सॉकेटात घातलं. टेस्टरच्या टोपीवर बोट टेकवल्याशिवाय आतला दिवा लागत नाही, एवढं मलाही या घरात राहून कळतं. त्यांचं बोट टोपीच्या वर थांबलं. धाकटीने माझा हात घट्ट धरला. मी मनात देवाचं नाव घेतलं. बोट टेकलं. आतला लाल ठिपका उजळला.

“टेस्टर चांगला आहे,” ते म्हणाले. मग आत येऊन आमच्या सॉकेटात घालून बघितला. काळोख. तेव्हाच त्यांनी भिजलेल्या बोर्डाची पिन उपसली, आणि मेन स्वतः वर केला. पंखा फिरू लागला.

ते स्टुलावर बसले. “वहिनी, सापडली.”

“काय सापडलं, भाऊजी?”

“चूक. टेस्टर मी सकाळी लावला होता. डबा खाऊन आलो आणि पुन्हा लावलाच नाही. मेन बंद आहे ना, म्हणून थेट हात घातला. आत्ता दादाने घातला तसाच.”

हे दंड चोळत म्हणाले, “म्हणजे माझा झटका सत्कारणी लागला म्हणायचा.”

“लागला. आता पुन्हा एकदा हात घालून दाखवा, दादा, म्हणजे पक्कं होईल,” धाकटी म्हणाली आणि पाठ फिरवून ओट्याकडे गेली. ओटा घासला नाही. चहा टाकला.

चहा पिऊन भाऊजींनी ठेकेदाराला फोन केला. “उद्या येतो. पण एक सांगून ठेवतो, जेवणानंतर मला दहा मिनिटं जास्त लागतील. सगळं पुन्हा तपासल्याशिवाय मी हात लावणार नाही.” पलीकडून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. भाऊजी हसले, एवढं दिसलं.

मासा संध्याकाळी मित्राकडून आणलेल्या नव्या पेटीत गेला. हीटरची पिन भाऊजींनीच घातली. धाकटी बघत उभी होती. म्हणाली, “गेला माझा पगार.”

दिवे लागल्यावर मी देवासमोर बसले. रोजचं मागणं ओठावर आलं आणि लक्षात आलं, आता ते मागायचं कारण नाही. गुडघ्यांचं मागावं म्हटलं, तर तेही आठवणीने मागावंसं वाटेना. तशीच बसून राहिले. चटई अजून ओलीच होती.