उन्हाळ्यातले कमी मार्क

जर्मनीत ब्राउनश्वाइगला पीएचडी करताना मी जवळच्या एका व्यावसायिक आइस हॉकी क्लबात अर्धवेळ काम करायचे. मोसम सुरू होण्याआधी, उन्हाळ्यात, खेळाडूंची कॉम्प्युटरवर चाचणी घ्यायची. शब्द लक्षात ठेवा, दिवा लागला की बटण दाबा, असं सगळं. पुढे सामन्यात कुणाच्या डोक्याला मार बसला की तीच चाचणी पुन्हा. उन्हाळ्याइतके मार्क पडले तरच बर्फावर उतरायचं.

पहिल्याच उन्हाळ्यात एक धिप्पाड बचावपटू इतका रेंगाळत बटण दाबत होता की मला दयाच आली. लहानपणापासून मार्कांवर वाढलेली मी; वाटलं, बिचारा परीक्षेला घाबरलाय. "हवं तर परत दे," मी म्हणाले. तो खो खो हसला.

फिजिओने मला बाजूला घेतलं. "आत्ता कमी मार्क पाडायचे, म्हणजे हिवाळ्यात मार बसला तरी पास. सगळेच करतात, कळलं?"

मला शिसारी आली. पण मी नवीन होते, नसती उठाठेव कशाला, म्हणून ते मार्क तसेच चढवले.

जानेवारीत शुक्रवार, रविवार, मंगळवार असे लागोपाठ सामने होते. असलं वेळापत्रक आखणारे स्वतः कधी धडका खात नसावेत. रविवारी त्या बचावपटूचं डोकं कडेच्या फळीवर आपटलं. मंगळवारी सकाळी तो चाचणीला आला आणि म्हणाला, "टॉयलेट कुठे आहे?" सहा वर्षं तो त्याच इमारतीत येत होता.

मार्क मात्र उन्हाळ्याइतके पडले. मी प्रशिक्षकांना टॉयलेटचं सांगितलं.

"हे बघ, मार्क पुरेत ना? मग खेळायच्या परवानगीवर सही कर. माझे दोघे आधीच जायबंदी आहेत."

मी सही केली. संध्याकाळी तो खेळला. लोक बिअर पीत ढोल बडवत होते, आणि मला त्या सगळ्यांची किळस येत होती. स्वतःची सगळ्यात जास्त.

पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा माझ्यासमोर बसला.

"या वेळी नाटक नको," मी बजावलं. "खरी दे."

त्याने मान डोलावली. तो स्क्रीनला जवळजवळ चिकटून बसला. कपाळावर घाम आला. एकदाही हसला नाही.

गेल्या वर्षी मुद्दाम पाडले होते, त्याहून दोन मार्क कमीच आले.

"चांगले पडले ना?" त्याने विचारलं.