संकष्टीला उघडणारी वही

आमच्याकडे गणपतीच्या मोदकांच्या ऑर्डरी श्रावणातल्या संकष्टीला सकाळी दहा वाजता घ्यायला सुरुवात होते. त्याआधी नाही. ही पद्धत सासूबाईंनी घातली, मी चालवली. मी काही फार देवभोळी बाई नाही, पण गिऱ्हाइकाला एक दिवस ठाऊक असला की ते बाकीचे दिवस डोकं खात नाही.

पूर्वी फोन यायचे आणि मी वहीत लिहायची. मग सुनेने वेबसाइट केली. दुसरं मूल झाल्यावर तिने नोकरी सोडली होती आणि घरूनच अशी कामं घ्यायची ठरवली होती. तिचं पहिलं काम म्हणजे माझे मोदक. गेल्या वर्षी संकष्टीला दहाच्या ठोक्याला सगळं मुलुंड एकदम त्यात घुसलं आणि पान उघडेना. नुसतं गोल गोल फिरत राहिलं. ती म्हणाली होती, ऑर्डरी आठवडाभर घेऊ या, गर्दी वाटली जाईल. मी नाही म्हटलं होतं. तरी शेजारणीसमोर मी तिलाच बोलले, "हिच्या यंत्रापेक्षा माझी वही बरी होती."

त्यानंतर वर्षभर तिला दुसरं काम मिळालं नाही. दाखवायला तिच्याकडे एकच वेबसाइट होती आणि ती ऐन वेळी बंद पडलेली सगळ्यांना माहीत होती. यंदा अंधेरीच्या एका कंपनीने तिला बोलावलं. जायला-यायला तीन तास, आणि उत्तर सोमवारी द्यायचं. संकष्टी आली शनिवारी.

"या वेळी पडलं ना आई, तर सोमवारी मी हो म्हणते," ती म्हणाली. आवाज साधाच होता. पण कपात चहा तसाच ठेवून ती उठली तेव्हा मला कळलं, तिला जायचं नाही.

तेव्हापासून मला बसवेना. ती जेवणाच्या टेबलावर कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे चौकोन काढायची आणि मी मागे उभी राहून बघायची.

"हे काय?"

"सर्व्हर. म्हणजे भाड्याने घेतलेलं मशीन. गेल्या वर्षी एकाच मशीनवर सगळं होतं. लोकांना पान दाखवायचं तेच आणि ऑर्डर लिहून ठेवायची तेही."

"म्हणजे हात उकडीत आणि कानाला फोन."

"अहो आई, मशीन म्हणजे बाई नाही." मग थांबली. "पण हो, तसंच."

तिने दुसरं चित्र काढलं. पुढे पान दाखवणारी दोन मशीनं, त्यांच्यापुढे गर्दी वाटून देणारं आणखी एक, मागे ऑर्डरी लिहिणारं एक. मी म्हटलं, दोन दोन करतेस तर लिहिणारंही दोन कर ना, घाबरतेस कशाला?

"दोघांनी एकाच वेळी शेवटचा डबा विकला तर?"

हे मी केलेलं आहे. एका वर्षी नणंद मदतीला आली होती. तिच्याकडे एक फोन, एक वही आणि माझ्याकडे एक. दोघींनी मन लावून ऑर्डरी घेतल्या आणि चतुर्थीला पहाटे कळलं की जेवढे उकडून होणार त्याच्या दीडपट मोदक आम्ही लोकांना कबूल केलेत. निम्म्या लोकांना नैवेद्याला मी मोदकांऐवजी साखर दिली. ते मी सुनेला कधी सांगितलं नव्हतं, आता त्या टेबलापाशी सांगितलं. ती इतकी हसली की मला राग आला.

"आणि हे एवढे चौकोन बिघडले तर बघणार कोण?" मी विचारलं.

"मीच. दुसरं कोण आहे?"

"मग तुला एकटीला जेवढं सांभाळता येईल तेवढंच मांड ना. आणि ते मोदकांचे फोटो काढून टाक. मोदक कसा दिसतो ते लोकांना माहीत आहे."

ती एकेक चौकोन खोडत गेली. शेवटी दोनच चौकोन ठेवले. पान एकीकडे, ऑर्डरींची वही दुसरीकडे. फोटो एकच राहिला.

शनिवारी मी नऊ वाजेपर्यंत तीनदा चहा केला. दहाला ती लॅपटॉपसमोर बसली आणि मी स्वयंपाकघरात फोन घेऊन. पान उघडलं. बंद करून परत उघडलं. मुलाचा जुना फोन कपाटात होता, तोही चालू केला. एक उघडायचं, हात पुसायचे, दुसरं उघडायचं.

बाहेरून सून ओरडली, "कोणीतरी एकच माणूस वेड्यासारखं पान उघडतंय!"

"कोण मेलं ते?"

ती दाराशी येऊन उभी राहिली. "आपल्याच घरच्या वायफायवरून. आई, दोन्ही फोन खाली ठेवा."

ठेवले. मग काय करू? पुसलेला ओटा परत पुसला. मध्ये एकदा ती "हळू झालं, हळू झालं" म्हणाली आणि मी फडकं हातात घेऊनच दाराशी गेले. मग नुसता बटणांचा आवाज. मग म्हणाली, "भरलं. सगळे डबे गेले. एकही जास्त नाही."

सोमवारी तिने माझ्यासमोरच अंधेरीला फोन लावला आणि नको म्हणून सांगितलं. फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. "बरोबर केलं ना?"

"मला काय विचारतेस? पुढच्या वर्षीही संकष्टी आहेच," मी म्हटलं. शेजारणीला मात्र त्याच दिवशी जिन्यात गाठून सांगितलं, यंदा पडलं नाही म्हणून.

आता एका डबेवालीचं काम आलंय तिच्याकडे, नवे चौकोन चालू आहेत. जेवणाचं टेबल पूर्ण तिचं झालंय. मी भाजी ओट्याशी उभी राहून चिरते, आणि "गुडघे गेले बाई माझे" हे तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणते.