मुहूर्ताची फाइल

शहाद्याच्या आमच्या गल्लीत फाल्गुनीसारखी जिवाला घोर लावून घेणारी दुसरी बाई नाही. लावलेलं कुलूप ओढून बघेल, चार पावलं जाऊन परत येईल, पुन्हा ओढेल. सासऱ्यांच्या, म्हणजे फुलचंदशेठच्या सरकी-ढेपेच्या दुकानाचा सारा हिशेब तिच्याकडे. त्यामुळे हिचा जीव बारा महिने टांगणीला, आणि गल्लीला फुकटची करमणूक.

पूर्वी या व्यापारी घरांत दिवाळीच्या मुहूर्तावर हिशेबाची नवी चोपडी उघडायचे. आता मॉनिटरवर कुंकवाचं स्वस्तिक काढून नवं सॉफ्टवेअर सुरू करतात. यंदा हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी फाइल फाल्गुनीच्या धाकट्या भावानेच, जिनेशने, पाठवली. त्याचं विसरवाडीला हायवेवर दुकान आहे. त्याला ती व्यापाऱ्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर मिळाली होती.

पूजा मांडली, उदबत्ती लागली, आणि बाईसाहेब फाइल सुरू करायच्या आधी तिचे तपशील उघडून बसल्या. कंपनी आपल्या प्रत्येक फाइलवर डिजिटल सही करते. जुन्या फाइलवर ती होती, कंपनीच्या नावासकट. या नव्या फाइलवर सहीच नव्हती. फाल्गुनीने माउसवरचा हात मागे घेतला.

"काय दखी ऱ्हायनी तू? मुहूर्त जाई ऱ्हायना!" शेठ कडाडले.

"याव्हर कंपनीनी सहीच नही शे, बापूजी. जुनावरच श्री लिखा."

"तुन्हा सख्खा भाऊनी धाडेल शे. त्यावरबी भरोसा नही का?"

सासूबाई सूरजबाईंनी तर तोंडच फिरवलं. माहेरचा असा अपमान स्वतःच्या हाताने करणारी सून त्यांनी पाहिली नव्हती. फाल्गुनी रडवेली झाली, पण माउसला हात लावू देईना. शेवटी शेठनी जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये श्री लिहिलं आणि फणफणत पेढे वाटायला घेतले.

तिने पेढा ताटलीत ठेवला. मोबाइलवर कंपनीचं संकेतस्थळ उघडलं. नवी आवृत्ती अजून आलेलीच नाही, ग्रुपवरच्या फायली खोट्या आहेत, सुरू केल्या तर सारा हिशेब चोरीला जाईल, असं तिथे ठळक लिहिलेलं. म्हणजे आपण वाचलो! क्षणभर तिला हसू आलं, आणि लगेच जिनेश आठवला. मुहूर्त तर विसरवाडीलाही हाच होता.

तिने फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. पूजेत कोण फोन उचलतो? ती ओट्यावर येरझारा घालत लावतच राहिली. बऱ्याच वेळाने फटाक्यांच्या आवाजात जिनेशचा खुशीतला आवाज आला.

"दीदी, आम्हनं तं नवं सॉफ्टवेअर मुहूर्तवरच चालू झायं! तुन्हं झायं का?"